प्रॉक्सीमधून सॉकेट जोडणी: टप्प्याटप्प्याने, बाइट मोजून

ऑफिसच्या नेटवर्कवर ब्राउझर व्यवस्थित चालतो, 'कर्ल' हे कमांडलाइनचे साधनही चालते, पण स्वतः लिहिलेला सॉकेटचा (म्हणजे नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाचा) कोड मात्र टाइमआउट होतो किंवा नुसताच अडकून बसतो, ही तक्रार वारंवार येते आणि तिची कारणेही वारंवार तीच निघतात. त्यांच्या मुळाशी बहुधा एकच गैरसमज असतो. 'कनेक्ट' हा कॉल यशस्वी झाला म्हणजे आपण प्रॉक्सीच्या, म्हणजे आपल्या वतीने बाहेर जोडणी करून देणाऱ्या मध्यस्थाच्या, दारापर्यंत पोचलो, एवढेच सिद्ध होते. पुढच्या सर्व्हरपर्यंतची जोडणी प्रॉक्सीकडे त्याच्या भाषेत मागावी लागते, त्याचे उत्तर शेवटच्या बाइटपर्यंत वाचावे लागते, आणि मगच तेच सॉकेट आपल्या खऱ्या प्रोटोकॉलच्या हाती सोपवावे लागते. या हस्तांतराच्या वेळी एक बाइट कमी वाचला गेला किंवा एक जास्त वाचला गेला, तरी पुढचे सगळे संभाषण बिघडते, आणि बिघाड दिसतो तो भलत्याच ठिकाणी.

हा लेख टीसीपी जोडणीपुरता आहे. सॉक्स५ (प्रॉक्सीसाठीच बनवलेला प्रोटोकॉल) आणि एचटीटीपीची 'कनेक्ट' पद्धत हे प्रॉक्सीकडे जोडणी मागण्याचे दोन मार्ग त्यात घेतले आहेत. बाइटच्या किमती दशमान अंकांत दिल्या आहेत. उदाहरणे मुख्यतः पायथॉनच्या अंगाने जातात, पण क्रम कोणत्याही भाषेत हाच राहतो. सॉकेट जोडणाऱ्या कॉलला प्रोग्रॅममध्ये 'कनेक्ट' म्हणतात आणि एचटीटीपीच्या विनंतीचेही नाव 'कनेक्ट'च आहे, त्यामुळे पुढे पहिल्याला 'कनेक्ट कॉल' आणि दुसऱ्याला 'कनेक्ट विनंती' असे म्हटले आहे.

टप्पा १: प्रॉक्सी कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा

नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून पत्ता आणि पोर्ट मिळतो, पण प्रॉक्सीचा प्रकार सहसा कोणी सांगत नाही. पोर्टवरून अंदाज बांधता येतो: १०८० हा सॉक्सचा ठरलेला पोर्ट आहे, ३१२८ हा स्क्विड या एचटीटीपी प्रॉक्सीचा मूळ पोर्ट आहे, ९०५० वर टॉर या गोपनीयतेसाठीच्या नेटवर्कची सेवा सॉक्स बोलते, आणि ८०८० वर काहीही असू शकते. मात्र अंदाजावर कोड लिहू नये. प्रॉक्सीला ५, १, ० हे तीन बाइट पाठवून काय परत येते ते पाहावे. सॉक्स५ असेल तर दोन बाइट परत येतात आणि त्यांतला पहिला ५ असतो. पहिला बाइट ७२ आला, तर ते इंग्रजी 'एच' हे अक्षर आहे, म्हणजे समोरचा 'एचटीटीपी' असे लिहायला लागला आहे आणि आपण चुकीच्या भाषेत बोलत आहोत. काही एचटीटीपी प्रॉक्सी ओळ पूर्ण होण्याची वाट पाहत गप्पही बसतात, त्यामुळे शांतता म्हणजे 'प्रॉक्सी बंद आहे' असा निष्कर्ष काढू नये.

याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पहिली म्हणजे पॅक फाइल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये दिसणारा पत्ता कित्येकदा प्रॉक्सीचा नसतो. तो एका जावास्क्रिप्ट फाइलचा असतो आणि खरा प्रॉक्सी कोणता ते त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. फाइलचा पत्ता कोडमध्ये प्रॉक्सी म्हणून घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना मिळणारे ४०४ हे उत्तर त्यांनी प्रॉक्सीचे समजून घेतलेलेही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची. 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' हे व्हेरिएबल कर्ल वाचते, पायथॉनची 'रिक्वेस्ट्स' वाचते, पण साधे सॉकेट ते वाचत नाही. ते व्हेरिएबल तुमच्या कोडने स्वतः वाचले पाहिजे. पासवर्डमध्ये 'अ‍ॅट' चिन्ह असेल, तर त्या पत्त्यात ते टक्केवारीच्या रूपात, म्हणजे टक्क्याच्या चिन्हापुढे ४० असे लिहिलेले असते आणि वापरण्यापूर्वी उलगडून घ्यावे लागते. त्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' असे लिहिलेले दिसले, तर त्यात चूक नाही. व्हेरिएबलच्या नावातला 'एचटीटीपीएस' अंतिम सर्व्हरविषयी बोलतो, तर पत्त्यातला 'एचटीटीपी' प्रॉक्सीशी कसे बोलायचे ते सांगतो.

तिसरी गोष्ट ओळख पटवण्याची. युजरनेम-पासवर्ड लागतो का, आणि एचटीटीपी प्रॉक्सी असल्यास बेसिक (साधा युजरनेम-पासवर्ड) चालते की एनटीएलएम किंवा कर्बेरॉस या जास्त गुंतागुंतीच्या पद्धती लागतात, हे विचारून घ्यावे. एनटीएलएम असेल तर ते हाताने लिहिण्याच्या भानगडीत न पडता 'सीएनटीएलएम'सारखा मध्यस्थ स्वतःच्या यंत्रावर चालवावा आणि कोड त्याच्याशी जोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट, प्रकार, ओळख पटवण्याची पद्धत, आणि आपल्याला हवा असलेला अंतिम पोर्ट त्या प्रॉक्सीवर खुला आहे की नाही. पाचवी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

टप्पा २: चाचणीची मांडणी तयार करा

ऑफिसच्या प्रॉक्सीवर थेट प्रयोग करू नयेत. तिथे चूक तुमची की धोरणाची, हे कळत नाही. सॉक्स५ साठी ओपनएसएसएचचा डायनॅमिक फॉरवर्डिंगचा पर्याय सर्वांत सोयीचा आहे: एखाद्या लिनक्स यंत्रात लॉगिन करताना मोठा 'डी' आणि १०८० दिले, की स्वतःच्या लॅपटॉपवर सॉक्स प्रॉक्सी उभा राहतो. एचटीटीपीसाठी एनमॅपबरोबर येणारे 'एनकॅट' प्रॉक्सी म्हणून चालवता येते.

ओपनएसएसएचच्या या सोयीच्या दोन मर्यादा माहीत असाव्यात. एक, त्यात युजरनेम-पासवर्डची व्यवस्था नाही. दोन, आणि ही जास्त फसवी आहे, ते 'जोडणी झाली' असे उत्तर पलीकडची जोडणी प्रत्यक्ष होण्याआधीच देऊन टाकते. त्यामुळे बंद पोर्ट मागितला तरी उत्तर यशाचेच येते आणि नंतर सॉकेट बंद होते. अपयशाचे सांकेतिक क्रमांक तपासायचे असतील, तर दुसरा सॉक्स सर्व्हर घ्यावा लागतो.

चाचणीसाठी पलीकडचा सर्व्हर निवडताना एक वेबसाइट आणि एक एसएसएच सर्व्हर, असे दोन घ्यावेत. वेबसाइट आपण बोलेपर्यंत गप्प असते, तर एसएसएच सर्व्हर जोडणी होताच स्वतःहून आपली ओळखीची ओळ पाठवतो. हस्तांतरात जास्त वाचण्याच्या चुका फक्त दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर उघड होतात. केवळ वेबसाइटवर तपासलेला कोड मी तपासलेला मानत नाही.

टप्पा ३: 'नेमके इतके बाइट' वाचणारे फंक्शन आधी लिहा

टीसीपीमध्ये संदेश नसतात, बाइटचा प्रवाह असतो. दहा बाइट मागितले म्हणजे दहाच मिळतील असे नाही. चार मिळतील, उरलेले सहा पुढच्या वेळी येतील. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र दहाच्या दहा एका वेळी येतात, त्यामुळे ही चूक घरी कधी दिसत नाही आणि ग्राहकाकडे गेल्यावर दिसते.

म्हणून सर्वांत आधी एक छोटे फंक्शन लिहावे. त्याला सॉकेट आणि हवे असलेले बाइट द्यावेत. तेवढे जमेपर्यंत त्याने उरलेल्या संख्येइतकेच बाइट पुन्हा पुन्हा मागावेत. मध्येच शून्य बाइट आले तर समोरच्याने जोडणी बंद केली असे समजून स्पष्ट एरर द्यावी. शून्य बाइट म्हणजे 'अजून काही आलेले नाही' असे समजून फिरत राहणारा लूप प्रोसेसर शंभर टक्के व्यापतो, आणि मग लोक प्रॉक्सी सोडून सर्व्हरच्या क्षमतेची चौकशी करत बसतात.

पाठवतानाही हीच काळजी घ्यावी. पायथॉनमध्ये 'सेंड' न वापरता 'सेंडऑल' वापरावे, कारण 'सेंड' अर्धवट पाठवून परत येऊ शकते.

टप्पा ४: प्रॉक्सीपर्यंतची जोडणी

इथे साधे सॉकेट उघडून प्रॉक्सीच्या पत्त्यावर कनेक्ट कॉल करावा. त्याआधी टाइमआउट लावावा. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये उत्तर न देणाऱ्या पत्त्यासाठी कनेक्ट कॉल सुमारे १२७ सेकंद थांबतो, आणि तेवढा वेळ वापरणारा माणूस थांबत नाही. प्रॉक्सीपर्यंत पोचायला मी ५ सेकंद देतो, कारण प्रॉक्सी सहसा त्याच इमारतीत असतो. प्रॉक्सीच्या उत्तरासाठी मात्र ३० सेकंद देतो, कारण त्या वेळात त्याला नाव शोधून पलीकडे जोडणी करायची असते. दोन्हींना एकच आकडा लावला की एक तरी चुकतोच.

तपासणी: या टप्प्यावर एरर आली तर ती प्रॉक्सीबद्दलची आहे, अंतिम सर्व्हरबद्दलची नव्हे. लॉगमध्येही तसेच लिहावे. 'सर्व्हरशी जोडणी झाली नाही' या मोघम वाक्याने पुढचा माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

टप्पा ५: सॉक्स५ चे संभाषण

सॉक्स५ चे नियम १९९६ च्या आरएफसी १९२८ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात आहेत आणि युजरनेम-पासवर्डचे नियम त्याच्याच पाठोपाठच्या १९२९ मध्ये आहेत. दोन्ही दस्तऐवज छोटे आहेत आणि चहाच्या वेळात वाचून होतात.

१. नमस्कार. पहिला बाइट ५, मग आपण देऊ करत असलेल्या पद्धतींची संख्या, मग त्या पद्धती. ओळख न पटवण्याची पद्धत ० आहे आणि युजरनेम-पासवर्डची २ आहे. दोन्ही चालत असतील तर ५, २, ०, २ असे चार बाइट जातात. उत्तरात दोनच बाइट येतात: ५ आणि निवडलेली पद्धत. दुसरा बाइट २५५ असेल, तर तुमची एकही पद्धत मान्य नाही आणि पुढे बोलण्यात अर्थ नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे उत्तर न वाचताच पुढची विनंती पाठवणे. प्रॉक्सीने २ निवडले असताना आपण थेट जोडणी मागितली, तर तो ते बाइट पासवर्डचा संदेश म्हणून वाचू पाहतो आणि जोडणी तोडतो.

२. ओळख पटवणे. पद्धत २ निवडली गेली असेल तरच हा भाग येतो. पहिला बाइट १, मग युजरनेमची लांबी, मग युजरनेम, मग पासवर्डची लांबी, मग पासवर्ड. युजरनेम पाच अक्षरांचा आणि पासवर्ड आठ अक्षरांचा असेल, तर एकूण १६ बाइट होतात.

सावधान: इथला पहिला बाइट ५ नसून १ आहे. तो या उपसंभाषणाच्या आवृत्तीचा क्रमांक आहे. सवयीने ५ लिहिणारे इतके जण भेटतात की पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर मी पहिल्यांदा हाच बाइट पाहतो. उत्तरही १ आणि स्थिती असे दोन बाइटचे असते. स्थिती ० म्हणजे मान्य, बाकी काहीही म्हणजे अमान्य.

हे युजरनेम आणि पासवर्ड उघड्या स्वरूपात जातात, हेही ध्यानात असू द्यावे. सार्वजनिक नेटवर्कवरून असा प्रॉक्सी वापरायचा असेल, तर तो एसएसएच किंवा व्हीपीएनच्या आतूनच वापरावा.

३. विनंती. क्रम असा: ५, मग आज्ञा, जी जोडणीसाठी १ असते, मग राखीव ०, मग पत्त्याचा प्रकार, मग पत्ता, मग दोन बाइटचा पोर्ट. पत्त्याचे प्रकार तीन आहेत: आयपीव्ही४ साठी १, नावासाठी ३, आयपीव्ही६ साठी ४. दोन हा क्रमांक इथे नाही, तरीही आयपीव्ही६ ला २ लिहिलेले कोड दिसतात.

एक्झाम्पल डॉट कॉम या नावाच्या ४४३ पोर्टसाठी बाइट असे होतील: ५, १, ०, ३, ११, मग नावाचे अकरा बाइट, मग १, १८७. एकूण अठरा. पोर्टमध्ये मोठा बाइट आधी येतो, कारण १ गुणिले २५६ अधिक १८७ म्हणजे ४४३. हा क्रम उलटला तर प्रॉक्सी ४७८७३ पोर्ट उघडू पाहतो आणि 'जोडणी नाकारली' असे प्रामाणिकपणे कळवतो. तुम्ही मात्र ४४३ पोर्ट बंद का आहे, हे शोधत बसता. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये ४७८७३ किंवा, ८० साठी, २०४८० दिसले की दुसरे कारण शोधायची गरज नाही.

नावाच्या शेवटी ० किमतीचा बाइट लावू नये. सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आणि तिरप्या रेघा ठेवू नयेत. लांबी अक्षरांची नव्हे, बाइटची असते. एका बाइटात मावते म्हणून ती जास्तीत जास्त २५५ असू शकते. मराठी डोमेन वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. 'भारत' या शब्दाची पायथॉनमधली लांबी ४ येते, पण यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट १२ होतात, आणि डीएनएसला (नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेला) यांपैकी काहीच नको असते. त्याला 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे प्युनीकोड रूप लागते. म्हणून नाव आधी प्युनीकोडमध्ये बदलावे, मग त्याचे बाइट करावेत, आणि मगच लांबी मोजावी.

४. उत्तर. उत्तराची रचना विनंतीसारखीच असते: ५, निकाल, राखीव ०, पत्त्याचा प्रकार, पत्ता, पोर्ट. बहुतेक तयार उदाहरणांत 'दहा बाइट वाचा' असे लिहिलेले असते आणि आयपीव्ही४ साठी ते खरेही आहे. आयपीव्ही६ असेल तर बावीस बाइट येतात, आणि नाव असेल तर सात अधिक नावाची लांबी. दहाच वाचले, तर उरलेले बारा बाइट सॉकेटमध्ये पडून राहतात आणि पुढे टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारा थर) किंवा एसएसएच तेच सर्व्हरचे शब्द समजून वाचते. एरर मग टीएलएसची येते आणि सॉक्सकडे कोणाचे लक्षच जात नाही.

म्हणून आधी चार बाइट वाचावेत. चौथा बाइट १ असेल तर आणखी चार, ४ असेल तर सोळा, ३ असेल तर एक बाइट लांबीचा आणि मग तेवढे बाइट वाचावेत. शेवटी पोर्टचे दोन. हा पत्ता सहसा शून्यांचाच असतो आणि आपल्या उपयोगाचा नसतो, तरीही तो वाचून काढावाच लागतो.

निकाल ० म्हणजे यश. २ म्हणजे प्रॉक्सीच्या नियमांत हे बसत नाही. इथे कोड बदलून उपयोग नाही, नेटवर्कवाल्यांना फोन करावा. ३ आणि ४ म्हणजे अनुक्रमे नेटवर्क आणि यंत्र सापडत नाही. ५ म्हणजे पलीकडच्या यंत्राने जोडणी नाकारली. ७ म्हणजे आज्ञा आणि ८ म्हणजे पत्त्याचा प्रकार प्रॉक्सीला झेपत नाही. १ हा सर्वसाधारण अपयशाचा क्रमांक आहे आणि त्यावरून फारसे काही कळत नाही. हा क्रमांक आहे तसा लॉगमध्ये लिहावा. सर्वांना मिळून 'प्रॉक्सी एरर' असे एकच लेबल लावू नये.

टप्पा ६: एचटीटीपीची कनेक्ट विनंती

एचटीटीपी प्रॉक्सीकडे विनंती मजकुराच्या रूपात जाते. पहिल्या ओळीत 'कनेक्ट' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग एक जागा सोडून नाव, अपूर्णविराम आणि पोर्ट, मग आणखी एक जागा सोडून एचटीटीपीची आवृत्ती. पोर्ट ४४३ असला तरी तो लिहावाच लागतो. आयपीव्ही६ पत्ता असेल तर तो चौकटी कंसात घालावा, नाहीतर पत्त्यातले अपूर्णविराम आणि पोर्टचा अपूर्णविराम यांची गल्लत होते. दुसऱ्या ओळीत होस्ट हेडर, म्हणजे सर्व्हरचे नाव सांगणारी माहितीची ओळ. प्रत्येक ओळ १३ आणि १० या दोन बाइटांनी संपते आणि शेवटी एक रिकामी ओळ जाते. फक्त १० वापरला तर काही प्रॉक्सी सांभाळून घेतात, काही घेत नाहीत.

पासवर्ड लागत असेल तर तो 'प्रॉक्सी-ऑथोरायझेशन' या हेडरमध्ये जातो. साध्या 'ऑथोरायझेशन'मध्ये घातला, तर प्रॉक्सी त्याकडे पाहत नाही आणि ४०७ पाठवत राहतो. बेसिक पद्धतीत युजरनेम, अपूर्णविराम आणि पासवर्ड हे जोडून बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करायचे असते, आणि इथे एक बारीक खाच आहे. शेलमध्ये 'एको'ने मजकूर दिला तर शेवटची नवी ओळही बेस६४ मध्ये जाते आणि पासवर्ड चुकीचा ठरतो. पायथॉनचे 'एन्कोडबाइट्स' हे फंक्शन दर ७६ अक्षरांनंतर आणि शेवटीही नवी ओळ घालते, त्यामुळे हेडर मध्येच तुटतो. 'बी६४एन्कोड' वापरावे.

उत्तराच्या पहिल्या ओळीतला तीन अंकी क्रमांक पाहावा. संपूर्ण ओळीची तुलना करू नये, कारण कोणी '२०० ओके' लिहितो, कोणी '२०० कनेक्शन एस्टॅब्लिश्ड', कोणी आवृत्ती १.० लिहितो, कोणी १.१. दोनशेच्या घरातला कोणताही क्रमांक यश मानावा. ४०७ म्हणजे ओळख पटवा. ४०३ म्हणजे धोरणाने नाही म्हटले. स्क्विडच्या मूळ मांडणीत कनेक्ट विनंती फक्त ४४३ पोर्टला मान्य असते, त्यामुळे मेल, एसएसएच किंवा डेटाबेसचा पोर्ट मागितला की हेच उत्तर येते. ५०२, ५०३ आणि ५०४ म्हणजे प्रॉक्सी पलीकडे पोचू शकला नाही.

४०७ नंतर त्याच सॉकेटवर पुन्हा विनंती करायची असेल, तर आधी त्या उत्तराचा पूर्ण मजकूर वाचून संपवावा लागतो. बेसिक पद्धतीत त्यापेक्षा सॉकेट बंद करून नवे उघडणे, किंवा मुळात पहिल्याच विनंतीत हेडर पाठवणे, सोपे पडते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. उत्तराचे हेडर १३, १०, १३, १० या चार बाइटांशी संपतात. त्यानंतरचा पहिला बाइट पलीकडच्या सर्व्हरचा असतो. दोनशेच्या उत्तरात मजकुराची लांबी सांगणारा हेडर चुकून आलाच, तरी तो दुर्लक्षित करावा; तेवढे बाइट वाचायला जाऊ नये.

या एका सीमेवर माझे दोन दिवस गेले आहेत. एका ग्राहकाकडे सूचनांचे मेल पाठवणारा प्रोग्रॅम बसवला होता. प्रॉक्सीवर ५८७ पोर्ट खुला करून घेतला होता, माझ्या यंत्रावर सगळे चालत होते, आणि तिथे मात्र लॉगमध्ये '२००' दिसून पुढे शांतता. मी प्रॉक्सीचे उत्तर ओळीओळीने वाचण्यासाठी सॉकेटवर 'मेकफाइल' लावले होते. ते एका दमात मिळेल तेवढे उचलून स्वतःच्या बफरमध्ये ठेवते. माझ्याकडे मेल सर्व्हर दूर असल्याने त्याची '२२०' ही सलामीची ओळ उशिरा येई आणि बफरमध्ये सापडत नसे. ग्राहकाकडे मेल सर्व्हर प्रॉक्सीच्या शेजारच्याच रॅकमध्ये होता. तिथे '२००' आणि '२२०' एकाच वेळी येत, बफर दोन्ही गिळत असे, आणि मी मूळ सॉकेटवर '२२०' ची वाट पाहत बसत असे. मेल सर्व्हर माझ्या उत्तराची वाट पाहत होता. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत पाच मिनिटे थांबत आणि मग मेल सर्व्हर कंटाळून फोन ठेवत असे.

उपाय अगदी साधा आहे: हेडर एकेक बाइट वाचावेत. प्रॉक्सीचे उत्तर काहीशे बाइटांचे असते, जोडणीला एकदाच येते, त्यामुळे वेगाची चिंता करण्याचे कारण नाही. सोबत १६ हजार बाइटांची कमाल मर्यादा घालावी, म्हणजे चुकीच्या सर्व्हरशी जोडले गेलो तर वाचन अनंतकाळ चालत नाही. जावामध्ये 'बफर्ड रीडर' लावण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा.

तपासणी: एसएसएच सर्व्हरच्या पोर्टशी प्रॉक्सीतून जोडून पहिली ओळ छापावी. ती 'एसएसएच' या अक्षरांपासून सुरू झाली पाहिजे. सुरुवातीची अक्षरे गायब असतील तर तुम्ही जास्त वाचले आहे. आधी भलतेच बाइट असतील तर कमी वाचले आहे.

टप्पा ७: नाव कोण शोधणार ते ठरवा

प्रॉक्सीमागच्या यंत्राला बाहेरचे डीएनएस बहुधा मिळतच नाही. म्हणून अंतिम सर्व्हरचे नाव स्वतः न शोधता प्रॉक्सीला जसेच्या तसे द्यावे. कनेक्ट विनंतीत हे आपोआप होते. सॉक्समध्ये ते तुमच्या हातात असते आणि लायब्ररी वापरली तर तिच्या हातात. कर्ल आणि 'रिक्वेस्ट्स' यांत पत्त्याची सुरुवात 'सॉक्स५' अशी केली तर नाव तुमच्या यंत्रावर शोधले जाते. शेवटी इंग्रजी 'एच' जोडला तर प्रॉक्सीवर. एका अक्षराचा हा फरक 'नाव सापडत नाही' या एररच्या कित्येक तक्रारींचे मूळ असतो.

पायथॉनमध्ये 'पायसॉक्स' घेऊन मूळ सॉकेट क्लासच बदलून टाकण्याची युक्ती लोकप्रिय आहे. ती अर्धवट काम करते: 'क्रिएट कनेक्शन' हे फंक्शन सॉकेट उघडण्यापूर्वीच नाव शोधून घेते, त्यामुळे जोडणी प्रॉक्सीतून जाते आणि नावाची चौकशी मात्र उघड्यावर. टॉरसारख्या ठिकाणी, जिथे गोपनीयता हाच हेतू आहे, तिथे ही गळती म्हणजे सगळेच मुसळ केरात. त्यापेक्षा पायसॉक्सचे सॉकेट थेट तयार करून त्याला नाव द्यावे. जावामध्ये 'इनेटसॉकेटअ‍ॅड्रेस'चा साधा कन्स्ट्रक्टर नाव लगेच शोधतो; त्याऐवजी 'क्रिएट अनरिझॉल्व्ह्ड' वापरावे. प्रॉक्सीचा स्वतःचा पत्ता मात्र स्थानिक डीएनएसनेच शोधायचा असतो. तिथे हा नियम लावू नये.

टप्पा ८: टीएलएस चढवा

प्रॉक्सीचे संभाषण संपल्यावर त्याच सॉकेटवर टीएलएस सुरू करावे, आणि नाव द्यावे ते अंतिम सर्व्हरचे. सॉकेट प्रॉक्सीशी जोडलेले आहे म्हणून प्रॉक्सीचे नाव देणे ही सहज होणारी चूक आहे, आणि मग सर्टिफिकेट जुळत नाही.

सर्टिफिकेट न जुळण्याचे दुसरे कारण म्हणजे कंपनीचा प्रॉक्सी मध्येच टीएलएस उघडून तपासतो आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने पुन्हा बांधतो. अशा वेळी कंपनीचे मूळ सर्टिफिकेट मागून घेऊन विश्वासाच्या यादीत घालावे. पडताळणीच बंद करणे हा उपाय मी कोणाला सांगत नाही, कारण 'तात्पुरती' म्हणून बंद केलेली पडताळणी पुन्हा चालू झालेली मी क्वचितच पाहिली आहे.

'राँग व्हर्जन नंबर' अशी ओपनएसएसएलची एरर दिसली, तर टीएलएस ठीक आहे, क्रम चुकला आहे, असे बहुधा समजावे. एक तर प्रॉक्सीशी बोलण्यापूर्वीच टीएलएस सुरू झाले, किंवा प्रॉक्सीच्या उत्तराचे काही बाइट मागे राहिले.

टप्पा ९: सॉकेट सोपवताना आवराआवर

संभाषणासाठी लावलेला टाइमआउट सॉकेटला चिकटून राहतो. तो न बदलता सॉकेट पुढे दिले, तर तासन् तास शांत राहणे अपेक्षित असलेली जोडणी तिसाव्या सेकंदाला तुटते आणि दोष प्रॉक्सीच्या माथी जातो. सोपवण्यापूर्वी टाइमआउट अ‍ॅप्लिकेशनच्या गरजेनुसार लावावा.

याउलट, खरोखर प्रॉक्सीमुळे तुटणाऱ्या जोडण्याही असतात. मधल्या यंत्रांना शांत जोडणी आवडत नाही आणि ती काही मिनिटांतच विसरली जाते. लिनक्सचे कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का ते चाचपणारी सोय) चालू केले तरी पहिली चाचपणी मूळ सेटिंगमध्ये दोन तासांनी, म्हणजे ७२०० सेकंदांनी होते. तोवर जोडणी केव्हाच गेलेली असते. हा काळ सॉकेटपुरता ६० सेकंदांवर आणावा, किंवा प्रोटोकॉलमध्ये सोय असेल तर स्वतःच ठरावीक वेळाने काही पाठवत राहावे.

कोणत्याही टप्प्यावर एरर आली तर सॉकेट बंद करून टाकावे. अर्धवट संभाषण झालेले सॉकेट जोडण्यांच्या साठ्यात परत ठेवू नये, कारण ते पुढच्या विनंतीला मागचे उत्तर देते.

लॉगमध्ये टप्प्याचे नाव, प्रॉक्सीचा पत्ता, अंतिम नाव-पोर्ट आणि मिळालेला क्रमांक लिहावा. हेडर जसेच्या तसे मात्र लिहू नयेत: बेस६४ हे कुलूप नव्हे, आणि लॉग फाइल वाचणारा कोणीही एका आज्ञेत तो पासवर्ड उलगडतो. 'प्रॉक्सी-ऑथोरायझेशन'ची ओळ लिहिण्यापूर्वीच झाकावी, आणि चाचणीच्या काळात ती झाकायची राहिली असेल, तर जुन्या लॉग फाइल पुसून पासवर्डही बदलून घ्यावा.